ओहोटीची वेळ

अंदमान म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी कोलू येतो. मग अंधारकोठडी, मग भिंतीवर कोरलेली अक्षरे. समुद्र येतो तो या सगळ्याभोवतीची तटबंदी म्हणून. काळे पाणी! त्या पाण्याच्या पोटात कुणी राहत असेल, तिथेही घरे असतील, शेजार असेल, भांडणे असतील, हे आपल्या मनात येत नाही. माझ्या आईच्याही मनात नव्हते. ती निघाली होती तात्यारावांच्या कोठडीचे दर्शन घ्यायला. सहा वर्षांची आमची चिमी निघाली होती ‘निमो’ला भेटायला. 2003 साली आलेल्या एका कार्टूनपटातला हा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. आजच्या पोरांना तो आपल्या चुलतभावापेक्षा जवळचा. यांना रजा मिळाली होती म्हणून हे निघाले होते. आणि मी निघाले होते माझाच एक जुना समुद्र लेकीला दाखवायला.

हे जरा सांगायला हवे. जानेवारी 2009 मध्ये, मी एम. ए. करत असताना, आपल्याच महाविद्यालयाची सहल अंदमानला गेली होती. चेन्नईहून बोटीने. जवळजवळ तीन दिवस वर आकाश, खाली पाणी आणि मध्ये आम्ही पस्तीस जण. त्या सहलीत वंडूरहून आम्हाला जॉली बॉय नावाच्या बेटावर नेले होते. पोर्ट ब्लेअरपासून वंडूर सुमारे 30 किलोमीटर. तिथल्या 15 बेटांचे आणि भोवतालच्या पाण्याचे मिळून 1983 साली महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आहे. तळाला काच बसवलेल्या होडीतून त्या दिवशी मी जे पाहिले, ते पुढे कित्येक वर्षे वर्गात समुद्रावरची कविता शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर असे. जांभळ्या टोकांच्या फांद्या, हिरवे पंखे, मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोळे, आणि त्यांतून सुटणारे माशांचे थवे. रंगपंचमीला रंगांची पिंपे कुणी पाण्यात उलटी करावीत तसे! चिमी पाळण्यात होती तेव्हापासून तिला मी ते सांगत आले. ‘तुला एकदा दाखवीन,’ हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे झाले होते.

तर जानेवारी 2025 मध्ये, संक्रांतीच्या आठवड्यात, चार दिवस शाळा बुडवून आम्ही निघालो. आता विमान चेन्नईहून दोन-सव्वादोन तासांत पोचवते. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम झाले आहे. रिक्षावाले मात्र जुन्याच नावाने हाका मारत होते. सेल्युलर जेल पाहिले. सात भुजांपैकी तीनच आता उभ्या आहेत. 1911 पासून 1921 पर्यंत सावरकर ज्या कोठडीच्या हवाली होते, तिच्या उंबऱ्याशी आईने हात जोडले आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मी त्यात भर घालत नाही. फक्त एवढेच नोंदवते की, गच्चीवर आल्यावर समोरचे पाणी पाहून आई म्हणाली, “काळा खंय आसा गो? हिरवाचार आसा.”

माझी आई दक्षिण कोकणातली, खाडीकाठी वाढलेली. लग्न होऊन देशावर आली त्याला पन्नास वर्षे होऊन गेली, पण जीभ उत्साहात आली की मूळच्या वळणावर जाते. तिला पोहता येत नाही. समुद्रात ती कधी गुडघ्यापलीकडे गेलेली नाही. पण गुडघ्यापर्यंतचा समुद्र तिला स्वयंपाकघरासारखा पाठ आहे. कुठल्या खडकावर कालवे, कुठल्या वाळूत तिसऱ्या, कुठल्या तिथीला पाणी किती लांब जाते, हे ती झोपेत सांगेल. हे मूळचे सोलापूरचे. समुद्राशी यांचा संबंध सुक्या बोंबलापुरता, तोही लग्नानंतरचा.

वंडूरच्या धक्क्यावर पिशव्या तपासतात. प्लास्टिकचे काहीही बेटावर नेता येत नाही. चिमीच्या बिस्किटांचे वेष्टनसुद्धा काढून ठेवावे लागले. ही शिस्त 2009 मध्येही होती आणि ती टिकली याचा मला आनंद झाला. नाव खारफुटीच्या हिरव्या भिंतींमधून निघाली. या बाजूच्या किनाऱ्यावर पूर्वी मी एक विलक्षण दृश्य पाहिले होते: भातखाचरांच्या जागी साचलेले समुद्राचे पाणी आणि त्यात उभी वाळलेली झाडे. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, उत्तर अंदमानची उचलली गेली. खचली तिथे शेते बुडाली. उचलली गेली तिथे प्रवाळांची बेटे पाण्याबाहेर येऊन उन्हात तडफडून मेली. एकाच धक्क्यात इकडे जमीन पाण्यात गेली आणि तिकडे समुद्र जमिनीवर आला.

जॉली बॉयला मोठी नाव काठाला लागत नाही. काचेच्या तळाच्या लहान होडीत उतरायचे. आम्ही चौघे त्या काचेभोवती बसलो, जसे लोक विहिरीच्या काठावर वाकून बसतात. प्रथम नुसती वाळू. मग एक पिवळा मासा, मग दहा निळे. चिमीने आनंदाने असा चीत्कार केला की नावाड्याने वल्हे थांबवले. आणि मग तळ वर आला. मी ज्याची सोळा वर्षे वाट पाहिली होती, तो तळ.

तो बराचसा राखाडी होता.

अगदी सगळा नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मध्येच एखादा जिवंत गोळा तपकिरी-हिरव्या मखमलीसारखा दिसे. एका कडेला कोवळ्या फांद्यांचे निळसर टोक फुटलेले होते. पण त्यांच्यामध्ये मोडून पडलेल्या फांद्यांचा खच होता. पाडलेल्या वाड्याच्या जागी विटा-माती पडलेली असते ना, तसा. त्यावर शेवाळाची मळकट साय. मासे मात्र त्यातूनही ये-जा करत होते, जणू काही झालेच नाही.

चिमी हरखून गेली होती. तिला काही उणे वाटण्याचे कारणच नव्हते. राखाडी फांदीतून एक मासा बाहेर आला की ती टाळ्या पिटी. मी गप्प आहे हे तिच्या उशिरा लक्षात आले. तिने विचारले, “आई, तू आली होतीस तेव्हा पण असंच होतं?”

मुलांचे काही प्रश्न असे असतात की त्यांना ‘हो’ म्हटले तर कुणाचे काही बिघडत नाही. तिचा आनंद पूर्ण होता. त्यात मीठ टाकायचे कशाला? हे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत ‘हो म्हण’ असेच होते. पण जी गोष्ट मी तिला सहा वर्षे सांगत आले होते, तिचा शेवट मला ठाऊक झालेला असताना तो तिच्यापासून झाकून ठेवणे मला जमेना.

“नाही,” मी म्हणाले. “तेव्हा रंग जास्त होते.”

“मग ते कुठे गेले?”

आता आली पंचाईत. मराठीच्या प्राध्यापिकेने प्रवाळाचे शास्त्र सहा वर्षांच्या मुलीला कसे सांगावे? पण मुंबईत चाळीत बालपण गेले असल्याचा असा उपयोग होतो. मी म्हटले, प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो एक इवलासा प्राणी. तो स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतो, आणि असे लाखो जण भिंतीला भिंत लावून राहतात, चाळीसारखे. पण नुसते घर बांधून पोट भरत नाही. म्हणून तो आपल्या अंगातच भाडेकरू ठेवतो. डोळ्यांना न दिसणारे बारीक शेवाळ. ते भाडेकरू उन्हावर स्वयंपाक करतात आणि भाडे म्हणून आपल्या अन्नातला मोठा वाटा मालकाला देतात. प्रवाळाला जगायला लागते त्यातले बहुतेक अन्न असे घरबसल्या मिळते. त्याचा रंग पुष्कळसा या भाडेकरूंचाच. पण समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानेही जास्त तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, की दोघांचे बिनसते. प्रवाळ भाडेकरूंना बाहेर काढतो. मग घर पांढरे फटक पडते, आणि मालक उपाशी राहतो.

“आणि मग?”

“पाणी लवकर थंड झालं तर भाडेकरू परत येतात. उशीर झाला तर मालक मरतो. मग रिकाम्या घरावर असली मळकट साय धरते.”

अंदमानात हे 1998 साली झाले, 2010 साली फार मोठ्या प्रमाणावर झाले, 2016 साली पुन्हा झाले. 2010 च्या एप्रिल-मे महिन्यांत! म्हणजे आमची सहल परतून सव्वा वर्ष झाले होते. मी तेव्हा कुठल्याशा परीक्षेच्या तयारीत होते आणि माझ्या डोळ्यांसमोरचा तो रंगीत समुद्र तिकडे पांढरा पडत होता. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहा-वीस सेंटीमीटरही वाढतात, पण ते मोठाले गोळे वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर. पुरुषभर उंचीचा गोळा मेला तर शिवाजी महाराजांच्या काळानंतर कधीतरी सुरू झालेले बांधकाम मोडले असे समजावे.

हे सगळे मी चिमीला सांगितले नाही. तिला भाडेकरू पुरेसे होते. तिने विचार करून आजीच्या हाताकडे बोट दाखवले. “आजीच्या अंगठीत पण तोच आहे?” आईच्या बोटात मंगळासाठी घातलेले पोवळे आहे, लग्नाच्या आधीपासूनचे. आईने हात असा चटकन मागे घेतला की जणू चोरीच सापडली. मी सांगितले की दागिन्यातले लाल पोवळे वेगळ्या जातीचे, ते खोल पाण्यातले आणि ते भाडेकरू ठेवत नाही. जुन्या काळापासून ते भूमध्य समुद्रातून आपल्याकडे येत आले. पण तेही प्राण्यानेच बांधलेले, हे खरे. आई अंगठी फिरवत राहिली. “पन्नास वर्षां मी ह्येका खडो समजत होतंय,” ती हळूच म्हणाली.

परतीच्या नावेत आई आपण होऊन बोलू लागली. तिच्या लहानपणी खाडीत पाणी उतरले की बायका तासाभरात टोपलीभर तिसऱ्या काढत. आता भावजय अर्धा दिवस वाकते तेव्हा कुठे एका वेळच्या आमटीपुरत्या मिळतात. आणि तरी तिची सून म्हणते, ‘आज बऱ्याच मिळाल्या!’ ते ऐकून मला 2009 सालचा तो म्हातारा नावाडी आठवला. आम्ही सगळे काचेवर ओणवून ओरडत होतो तेव्हा तो म्हणाला होता की आता काय राहिलंय, पूर्वी बघायला हवं होतं. तो 1998 च्या आधीचा समुद्र मनात धरून बोलत होता. म्हणजे माझा ‘पूर्ण’ समुद्र त्याच्या लेखी उरलासुरला होता.

डॅनिअल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 साली एका छोट्याशा लेखात हेच मांडले आहे. प्रत्येक पिढीचा अभ्यासक आपल्या उमेदीच्या सुरुवातीला समुद्रात जेवढे मासे पाहतो, तेवढे म्हणजे पूर्ण असे धरून चालतो आणि घट मोजतो ती तिथून पुढची. पुढची पिढी त्या घटलेल्याला पूर्ण धरते. मोजपट्टी तीच राहते, पण तिचा शून्य दर पिढीला सरकत जातो. आमच्या होडीत त्या दिवशी तीन शून्ये बसली होती: आईचे, माझे आणि चिमीचे. यांचे चौथे धरत नाही, कारण हे त्या वेळी डोळे मिटून लिंबू हुंगत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही नील बेटावर गेलो. याचेही नाव 2018 मध्ये शहीद द्वीप झाले. बेट लहान, सपाट, भाजीच्या मळ्यांनी भरलेले. राजधानीला भाजी पुरवणारे बेट अशीच त्याची ख्याती. लोक बहुतेक बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसवलेल्या निर्वासितांची ही मुले-नातवंडे. किनाऱ्यांची नावे मात्र रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. आईला हे फार आवडले. तिथे उजाडते पाचाच्या सुमारास आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार पडू लागतो, कारण घड्याळ आपले आणि सूर्य ब्रह्मदेशाजवळचा. ‘पाचला उठायचं’ म्हटल्यावर घरी रडणारी चिमी इथे साडेचारलाच उठून बसे.

आई मात्र घड्याळापेक्षा चंद्र बघत होती. आदल्या दिवशी पौष पौर्णिमा झालेली, म्हणजे उधाण. उधाणाच्या भरतीला पाणी फार वर येते तसे ओहोटीला फार लांब जाते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा हिशेब. त्याप्रमाणे पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास पाणी पूर्ण भरायला हवे. पण इथे ते सकाळीच भरून उतरायला लागलेले पाहून ती चक्रावली. “हयलो दर्यो येगळो आसा,” असे म्हणून तिने तो हिशेब कोकणासाठी राखून ठेवला. प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी असते, हे तिला कुणी पुस्तकातून सांगावे लागले नाही.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी तीनच्या पुढे आम्ही लक्ष्मणपूरच्या त्या भागात गेलो जिथे खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. बंगाली लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात! पाणी उतरले की तिच्या भोवतीचे सगळे प्रवाळी पठार उघडे पडते आणि त्यातल्या खळग्यांत पाणी अडकून राहते. वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. आमचा वाटाड्या पन्नाशीचा, पायात रबरी चपला, हातात काठी. आईने त्याला पुरचुंडीतला तिळगूळ दिला. त्याने तो कपाळाला लावून तोंडात टाकला आणि तेव्हापासून ती त्याची ‘माशीमा’ झाली. मावशी आणि माशीमा. आईला दुभाष्या लागलाच नाही. ती म्हणे कुर्ली, तो म्हणे कांकडा. ती म्हणे शिंपला, तो म्हणे झिनुक. खाली बोट दाखवले की दोघांनाही कळे.

मी समुद्रावर पुष्कळ वाचले आहे, पण त्या दीड तासात जे पाहिले त्याची तुलना नाही. घोट्याएवढे पाणी, आणि प्रत्येक खळगा म्हणजे वेगळे बिऱ्हाड. एकात साप असावा तशी वळवळणाऱ्या पाच बाहूंची बारीक तारामाशासारखी जात, दगडाखालून नुसते हात बाहेर काढून बसलेली. एकात काळी, लांब, जाड काकडीसारखी वस्तू. वाटाड्याने सांगितले की ही जिवंत आहे. ही वाळू खाते, तिच्यातले अन्न ठेवून घेते आणि स्वच्छ वाळू मागून सोडते. चिमी ती वाळू बाहेर येईपर्यंत तिच्यासमोर उकिडवी बसून राहिली. तिच्या वयाला याहून मोठा चमत्कार नाही. मी आणखी एक सांगितले की, पोपटासारखी चोच असलेला एक मासा आहे, तो प्रवाळ कुरतडतो आणि चुन्याचा भुगा करून मागे टाकतो. मोठा मासा वर्षाला असा शेकडो किलो भुगा टाकतो, आणि असल्या बेटांवरच्या पांढऱ्याशुभ्र वाळूत त्याचा मोठा वाटा असतो. आई दचकून म्हणाली, “अगो, सकाळी थंयच बसान आपण पोळी खाल्लव!”

मग एका प्रवाळाच्या फटीत तो शिंपला दिसला. चांगला वीतभर, दगडात रुतलेला, आणि त्याच्या नागमोडी ओठांना असा निळा रंग की पैठणीच्या पदरावरचा मोरही फिका वाटावा. चिमीची सावली पडताच ते ओठ चुटकन मिटले. थोडे मागे सरकल्यावर हळूच उघडले. मी तिला सांगितले की याच्या ओठांतही शेवाळाचे भाडेकरू राहतात, म्हणून हा ऊन खात उघडा पडून असतो. “आणि ते अजून आहेत?” “आहेत.” ती त्या शिंपल्याशी इतका वेळ थांबली की शेवटी हे तिला उचलायला गेले, तर म्हणाली, “सावली पाडू नका बाबा, त्यांचा स्वयंपाक थांबेल.”

आईला जे सापडले ते मात्र आम्हा कुणाला दिसले नव्हते. एका दगडाच्या पोटाशी, ठिपक्यांच्या मखमलीचा एक गोळा. तिने काठीच्या टोकाने जवळचे पाणी जरासे हलवले, तशी ती मखमल दोन बाजूंनी आत ओढली गेली आणि खालून लखलखीत कवडी निघाली. “कवडी! जिती आसा?” तिच्या आवाजात भीती होती की आनंद, सांगता येत नाही. तुळजाभवानीच्या भुत्यांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळा तिने जन्मभर पाहिल्या. सारीपाटावर कवड्या टाकल्या. ‘कवडीमोल’ हा शब्द आम्हा मुलांना ऐकवला. पण कवडीला अंग असते, आणि ते अंग ती सारखी शंखावरून फिरवत असते म्हणून तिला तशी झिलई असते, हे तिने सत्तरी ओलांडल्यावर प्रथम पाहिले. वाटाड्या म्हणाला, “हात मत लगाइए, माशीमा.” ती म्हणाली, “नाय रे बाबा,” आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. देवळात गाभाऱ्यासमोर उभी राहते तशी.

निमोही भेटला, तो दुसऱ्या दिवशी भरतपूरला, काचेच्या होडीतून. समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या झिपऱ्यांत तो निर्धास्त राहतो, कारण त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत लेपामुळे त्याला डंख बसत नाही. या माशांचे सगळे बाळ नर म्हणून जन्मतात. कुटुंबातला सर्वांत मोठा मासा तेवढा मादी असतो, आणि ती मेली की तिचा नर स्वतःच मादी होतो. चित्रपटवाल्यांनी हे सोयीस्करपणे गाळले. निमोची आई गेल्यावर खरे तर त्याचा बाप त्याची आई व्हायला हवा होता. चिमीने वडिलांकडे आपादमस्तक पाहिले. “बाबांना वेणी घालायला शिकावं लागेल,” एवढेच ती म्हणाली. हे दोन दिवस मला जपून वागवत होते.

त्या संध्याकाळी एक लहानसा तिढा पडला. चिमीने तीन दिवसांत शंख जमवले होते. मोजून सात. आता अंदमानातून परवान्याशिवाय शंख-प्रवाळ नेता येत नाही, विमानतळावर पिशव्या पाहतात. 2001 पासून आपल्या वन्यजीव कायद्याने प्रवाळांना, समुद्रकाकड्यांना आणि काही मोठ्या शंख-शिंपल्यांना वाघाच्या पंक्तीत बसवले आहे. पण कायदा सहा वर्षांच्या मुलीला काय सांगायचा? तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. “मी मारले नाहीत, रिकामेच आहेत,” ती म्हणाली. आणि तिचे अगदी बरोबर होते.

तिची समजूत घातली ती खेकड्याने. अंधार पडताना वाळूवर एक शंख चालू लागला. मग दुसरा, मग पंधरा-वीस. हे शंखात राहणारे खेकडे. त्यांचे पोट मऊ आणि वाकडे, त्याला स्वतःचे कवच नाही. गोगलगायीसारखा प्राणी मेला की त्याचा रिकामा शंख शोधायचा आणि आत शिरायचे. अंग वाढले की मोठा शंख शोधायचा. आणि गंमत अशी की एखादा मोठा शंख सापडला की कधीकधी हे खेकडे लहान-मोठ्या अंगाप्रमाणे रांग लावतात. सर्वांत मोठा नव्या घरात गेला की त्याच्या जुन्यात दुसरा, दुसऱ्याच्यात तिसरा. शास्त्रज्ञांनी अशा रांगांच्या नोंदी केल्या आहेत. आमच्या चाळीत खोल्यांची अदलाबदल अशीच होत असे, फक्त पागडीवरून भांडण होई. एक खेकडा आम्हाला असा दिसला की ज्याला त्याचा शंख पुरत नव्हता. अर्धे अंग बाहेर, आत ओढायला जागा नाही. चिमी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने खिशातून सातही शंख काढले आणि वाळूवर मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत, एका ओळीत. “म्हणजे त्यांना मापाचा शोधायला बरं,” ती म्हणाली. आई पाण्याकडे तोंड करून तिच्याजवळ उभी होती. चिमी मांडामांड करताना वळली तशी ती म्हणाली, “चेडवा, पाण्याक पाठ करू नको.”

सकाळी ओळीत तीनच शंख उरले होते. चार भरतीने नेले की भाडेकरूंनी, कोण जाणे.

त्यानंतरच्या मे महिन्यात आई तिला खाडीकाठी आजोळी घेऊन गेली. मीही होते. बुद्धपौर्णिमेच्या उधाणाला पहाटे पाणी उतरले तेव्हा दोघी वाळूत बसून तिसऱ्या उकरत होत्या. दोन तासांत पातेले जेमतेम अर्धे झाले. मामी म्हणाली, “आज बरेच गावले.” आई काही बोलली नाही. चिमीने पातेल्यात डोकावून विचारले, “ह्यांच्या घरात कोणी आहे?” आईने सरळ सांगितले, “आसा. म्हणान तर खातंव.” मला वाटले, आता ही जेवणार नाही. पण दुपारी तिने वाटीभर आमटी भुरकली आणि वर आणखी मागितली.

जेवण झाल्यावर मात्र सगळ्यांच्या ताटांतल्या रिकाम्या शिंपल्या गोळा करून, धुऊन, ती आजीला घेऊन किनाऱ्यावर गेली आणि त्या लहान-मोठ्या अशा ओळीने मांडू लागली. उघडी अर्धी शिंपली; तिला ना दार ना छप्पर. आईने थोडा वेळ पाहिले.

“ह्येच्यात कुर्ली रवाची नाय गो,” ती म्हणाली.

चिमीने वर पाहिले, जरा विचार केला, आणि पुढची शिंपली ठेवली.